आधी हक्क की आधी झाडू?

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. मागच्या महिन्यात त्याच्यावर वर्ग झाडायची पाळी आली, तेव्हा ‘बालमजुरीला बंदी आहे, कलम २४’ असं म्हणून तो बाकावर बसून राहिला. बाईंनी ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ असं सुनावलं आणि पुस्तकातली अकरा मूलभूत कर्तव्यं दहा वेळा लिहून आणायला लावली. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो बाईंचं बरोबर, सून म्हणते पोराचं बरोबर. आमच्या वेळी हे हक्कबिक्क काही नव्हतं, तरी आम्ही शिकलोच. इतक्या लहान मुलांना हे शिकवावं का? आणि कर्तव्य केल्याशिवाय हक्क मिळत नाही, हे खरं का?
— एक आजी, इचलकरंजी

उत्तर : आजी, निकाल कुणाच्याच बाजूनं पुरता लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नातवानं कलमाचा आकडा बरोबर सांगितला, पण ते लावलं भलत्याच ठिकाणी. बाईंनी काम योग्य सांगितलं, पण त्याचं दिलेलं कारण चुकलं. आणि ‘आमच्या वेळी हक्कबिक्क काही नव्हतं’ हे तुमचं वाक्य, राग मानू नका, या दोघांपेक्षाही जास्त चुकलंय. त्याकडे थोड्या वेळानं येतो. आधी झाडू हातात घेऊ.

संविधानाचं २४ वं कलम (पुस्तकात ‘अनुच्छेद’ लिहितात, बोलताना आपण कलमच म्हणतो) असं सांगतं, की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. २०१६ साली बालमजुरीचा कायदा आणखी कडक झाला आणि या वयाच्या मुलांना कुठल्याच कामधंद्यात ठेवता येत नाही, अशी तरतूद आली. शाळा सुटल्यावर घरच्यांना हातभार लावण्यासारखे मोजके अपवाद त्यात आहेत. शाळा बुडवून यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला बसवलेलं मूल या कायद्यात येतं. आपण बसतो तो वर्ग पाळीपाळीनं झाडणारं मूल येत नाही. ते कुणाकडे नोकरीला नाही, त्याचं शिकणं बुडत नाही आणि त्याच्या कष्टावर कुणी पैसा करत नाही. तेव्हा या मुद्द्यावर सूनबाईंची बाजू पडली.

पण मुलाच्या मनात जी शंका आली, ती अगदीच टाकाऊ नाही. वर्ग झाडणं कधी अन्यायाचं होतं, हे विचारण्यासारखं आहे. पाळी सगळ्यांची असते की फक्त मुलींची? मुलांनी बाक उचलायचे आणि मुलींनी केर काढायचा, अशी वाटणी कुणी न ठरवताच कितीतरी वर्गांत झालेली असते. स्वच्छतागृह धुवायला ठरावीक मुलांनाच पाठवतात का, आणि ती मुलं कोणत्या वस्तीतली असतात? याचं उत्तर ‘हो’ असेल, तर प्रश्न बालमजुरीचा उरत नाही. तो १५ व्या आणि १७ व्या कलमाचा होतो. म्हणजे भेदभावाचा आणि अस्पृश्यतेचा, आणि तो जास्त गंभीर आहे. झाडू एकच असतो. तो कुणाच्या हातात दिलाय, त्यावर तो नागरिकत्वाचा धडा आहे की अपमान, हे ठरतं.

हे आपल्याकडे फार पूर्वी एकानं ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळी कामं सगळ्यांनी करायची. मानवी हक्क हा शब्द त्या वसतिगृहात कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. पण ज्या घरात झाडूला कधी हात लावला नाही, तिथल्या मुलानं आणि ज्याच्या घराण्याला झाडूखेरीज दुसरं काही हातात धरू दिलं नाही, अशा मुलानं एकच खोली आलटून पालटून झाडायची, यापेक्षा समतेचा धडा आणखी काय असणार?

आता तुमच्या वाक्याकडे येतो. हक्क हा शब्द नवा नाही. तो अरबीतून आपल्याकडे आला आणि मराठेशाहीच्या कागदांत पानोपानी सापडतो. ‘हक्क-लाजिमा’ असा जोडशब्दच त्यात येतो. पाटलाचा हक्क, कुळकर्ण्याचा हक्क, जोशाचा हक्क, सुताराचं आणि लोहाराचं बलुतं. गावाचं काम करायचं आणि त्याबद्दल धान्याचा, मानपानाचा ठरलेला वाटा घ्यायचा, असा हा व्यवहार होता. काम चुकलं तर वाटा गेला. शिवाय कुणाला काय मिळायचं, हे कुणाच्या पोटी जन्म झाला त्यावर ठरायचं.

माझा समज असा आहे, की ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हे बाईंचं वाक्य या वतनदारीच्या हिशेबातून आलंय. आपल्या भाषेच्या हाडीमाशी तो हिशेब मुरलाय. बाईंना तो कुणी शिकवला नसेल, पण आजोबा-पणजोबांच्या तोंडून तो आपल्या सगळ्यांच्या कानावर आहेच. आणि या हिशेबात कोण भरडलं गेलं, तेही ठाऊक आहे. महार वतनात काम चोवीस तासांचं होतं आणि मोबदला अगदी किरकोळ. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक आणलं. कनिष्ठ वतनं प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

मानवी हक्क याच्या अगदी उलट टोकाला उभे आहेत. इथं काम दाखवून हक्क मिळवायचा नसतो. माणूस जन्माला आला, एवढं पुरतं. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. तिथं ‘सर्व माणसं’ असा बदल करायला लावला तो आपल्या हंसा मेहतांनी. त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेलेल्या होत्या आणि या जाहीरनाम्यावर काम करणाऱ्या आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. एका शब्दानं काय होतं, असं म्हणणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. मुली तर कान टवकारून ऐकतात.

आपलं संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं. मूलभूत हक्क त्यात पहिल्या दिवसापासून आहेत. मूलभूत कर्तव्यांची यादी (५१-क कलम) मात्र तेव्हा नव्हती. ती आली १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आणि लागू झाली ३ जानेवारी १९७७ पासून. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं या देशात हक्क होते आणि यादी नव्हती. तुम्ही शाळेत होतात तेव्हाही तुम्हाला हक्क होते आणि पाठ करायला कर्तव्यांचं पान नव्हतं. ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हा घटनेचा नियम असता, तर १९५० साली कुणालाच काही मिळालं नसतं.

ही यादी आणीबाणीच्या काळात आली, हेही सातवीच्या मुलांपासून लपवण्याचं कारण नाही. नागरिकांना बरेचसे हक्क कोर्टात मागायची सोय तेव्हा उरली नव्हती, आणि त्याच सुमाराला कर्तव्यांची आठवण झाली. घटनादुरुस्तीसाठी नेमलेल्या स्वर्णसिंग समितीनं आठ कर्तव्यं सुचवली होती आणि ती न पाळणाऱ्याला शिक्षा असावी असंही म्हटलं होतं. संसदेनं कर्तव्यं दहा केली आणि शिक्षेची सूचना बाजूला ठेवली. त्यामुळे ५१-क कलमातलं कर्तव्य चुकवलं म्हणून एकट्या त्या कलमाखाली कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. झेंड्याचा अपमान करणं किंवा सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणं हा गुन्हा आहे, पण त्यासाठी वेगळे कायदे आहेत.

याच यादीबद्दल दोन गैरसमज मला वारंवार भेटतात. मतदान करणं आणि कर भरणं ही मूलभूत कर्तव्यं आहेत, असं भलेभले सांगतात. यादी काढून पाहा, दोन्ही त्यात नाहीत. कराचं कर्तव्य त्या समितीनं सुचवलं होतं, ते घेतलं गेलं नाही. अर्थात कर भरावाच लागतो. प्राप्तिकर खातं ५१-क ची वाट पाहत बसत नाही.

आणि एक गंमत. ती यादी बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते. तुमच्या नातवानं दहा वेळा लिहिलेली अकरा कर्तव्यं एकदा वाचून बघा. अकरावं कर्तव्य त्याचं नाहीच! ते आई-वडिलांचं आणि पालकांचं आहे : सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी उपलब्ध करून द्यावी. ते २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं आलं. त्याच दुरुस्तीनं २१-क हे कलमही आलं. त्यानुसार त्याच वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणं सरकारवर बंधनकारक झालं. एकाच दिवशी मंजूर झालेली ही जोडी नीट पाहिली, की आपला गुंता बराचसा सुटतो. मुलाला हक्क मिळाला आणि त्याच्याबरोबर कर्तव्यही आलं. पण ते आलं सरकारवर आणि पालकांवर. ज्याचा हक्क, त्याच्याच गळ्यात कर्तव्य असं झालं नाही.

तुमच्या जिल्ह्यात हे जुनंच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकाला, महिन्याला एक रुपया. पोराला छडी नाही.

म्हणजे हक्काच्या पाठीला कर्तव्य असतंच. फक्त विचारायचं असतं, की ते कुणाचं? लहान मुलांना शिकवताना मी हा एकच प्रश्न धरून ठेवीन. हक्क म्हणजे काय, याची व्याख्या पाठ करून घेणार नाही.

शाळेची पाण्याची टाकी घ्या. पाण्याचं मोल इचलकरंजीकरांना मी सांगायला नको. मधल्या सुट्टीत नळापुढे रांग लागते. पाणी पिण्याचा हक्क मुलांचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेत काय काय असलं पाहिजे याची यादी आहे आणि सर्व मुलांसाठी सुरक्षित, पुरेसं पिण्याचं पाणी हे त्यात लिहिलेलं आहे. मग टाकी भरायची कुणी? ती वेळच्या वेळी धुवायची कुणी? हे कर्तव्य शाळेचं आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचं. बऱ्याच टाक्यांवर ‘टाकी धुतल्याचा दिनांक’ असं रंगवलेलं असतं आणि पुढं खडूनं तारीख लिहायची असते. ती तारीख कितीदा मागच्या वर्षीची असते, हे मुलांना आपल्यापेक्षा आधी कळतं. आता रांगेत पुढचा मुलगा पाणी पिऊन नळ तसाच उघडा सोडून पळाला. टाकी रिकामी झाली, मागच्या पंधरा जणांचा हक्क बुडाला. तर नळ बंद करणं हे त्या मुलाचं कर्तव्य झालं. पण ते आलं कुठून? त्याला मिळालेल्या पाण्याची किंमत म्हणून आलेलं नाही. मागच्या पंधरा जणांनाही तेवढाच हक्क आहे, म्हणून आलं.

हे एकदा लक्षात आलं, की मूल स्वतःहून वाद घालायला लागतं. आदल्या दिवशी ज्यानं नळ उघडा टाकला त्याला आज पाणी द्यायचं की नाही? पाचवीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा, पहिली पाच मिनिटं सगळी एका आवाजात ‘नाही’ म्हणतील. मग एखादी मुलगी हळूच म्हणेल, ‘पण त्याला तहान लागली तर?’ तिथं मानवी हक्कांचा अर्धा अभ्यासक्रम संपला. त्याला रागवा, नळाजवळ उभं राहून लक्ष ठेवायचं काम द्या. पण पाणी तोडता येणार नाही. मोठ्यांच्या जगातही हेच आहे. चोरीच्या आरोपावरून पकडलेल्या माणसालाही पोलिसांनी चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. त्यानं कर्तव्य चुकवलं असेल, नसेल, ते पुढं ठरेल. हक्कावर कायद्यानं वाजवी बंधनं घालता येतात, सिद्ध गुन्ह्याला शिक्षाही होते. पण ‘तू नीट वागला नाहीस, सबब तू माणूस नाहीस’ असं म्हणायची सोय नाही.

टाकीची गोष्ट निघालीच आहे, तर मुलांना महाडच्या तळ्यावरही न्यावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसह सर्वांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला होता. तो अमलात आणायचं कर्तव्य ज्यांचं होतं, ते मात्र स्वस्थ बसले. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग दंगा झाला, दावा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं, ओंजळभर पाण्यासाठी. त्या माणसांना ‘आधी तुमचं कर्तव्य दाखवा’ असं म्हणणारेही तेव्हा गावोगाव होतेच. सातवीच्या मुलाला हे पचणार नाही असं वाटत असेल, तर सांगून बघा. मोठ्यांपेक्षा लवकर पचतं.

हक्क आणि कर्तव्य यांची शाळेतच टक्कर झाली तर काय, ही शंका वाजवी आहे. ते घडलंय आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंय. केरळमधल्या एका शाळेत तीन भावंडं शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती सगळ्यांबरोबर शांत, ताठ उभी राहायची, पण त्यांच्या धर्मपंथाच्या श्रद्धेप्रमाणे गात नव्हती. १९८५ साली शाळेनं त्यांना काढून टाकलं. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट १९८६ मध्ये जिंकली. हा बिजो इमॅन्युएल खटला. राष्ट्रगीताचा आदर करणं हे ५१-क मधलं पहिलंच कर्तव्य. न्यायालयानं ते नाकारलं नाही. आदरानं उभं राहणं हाही आदरच, गायलंच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि सक्ती केली तर मुलांच्या अभिव्यक्तीच्या आणि धर्मश्रद्धेच्या हक्काला बाधा येते, असा त्या निकालाचा सारांश. यावर वर्गात दोन गट पडू द्यावेत. शिक्षकांनी घाईनं पंच होऊ नये.

यातच आणखी एका गैरसमजाचं उत्तर आहे. हक्क अठराव्या वर्षी मिळतात, असं मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही वाटतं. अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो (१९८९ पर्यंत त्यासाठी एकविसावं लागायचं). बाकीच्या बहुतेक हक्कांना अठराची अट नाही. कायद्यापुढची समानता देणारं १४ वं कलम आणि जीविताचं रक्षण करणारं २१ वं कलम ‘व्यक्ती’ म्हणतं. त्यात तुमचा नातू येतो, तुमच्या गल्लीतल्या नेपाळी गुरख्याची मुलगीही येते. बालहक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता १९८९ साली झाली आणि भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्यात तर मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं कलमच आहे. ऐकून घ्यावं, म्हणजे मूल म्हणेल तसं करावं असा त्याचा अर्थ नव्हे. तुमच्या मुलाला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा, सूनबाईंनाही.

आता खरी भीती. हक्क शिकवले की पोरं उद्धट होतात का? होतात, अर्धवट शिकवले तर. नुसते कलमांचे आकडे दिले, की मूल ते भांडणात दगडासारखे वापरतं. तुमच्या घरी तेच झालं. ‘मला मोबाइल हवा’ आणि ‘मला पाणी हवं’ या दोन्हींत ‘हवं’ एकच आहे, पण हक्क एकातच आहे. हे वेगळं कसं करायचं? मुलाला विचारावं, की तू मागतोस ते तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला, तुझ्या नावडत्या मुलालाही, मिळालंच पाहिजे असं तू म्हणशील का? आणि ते नाही मिळालं तर कुणाचं काम चुकलं, हे बोट दाखवून सांगता येतं का? दोन्हींना ‘हो’ आलं तर विषय बहुधा हक्काचा आहे. मोबाइल इथंच गळतो.

वयाचं म्हणाल, तर सहा-सात वर्षांच्या मुलाला संविधान शब्द सांगायची गरज नाही. रांग, पाळी, वाटणी यांतून त्याला न्याय-अन्याय बरोब्बर कळतो. लाडू असमान तुटला तर तीन वर्षांचं पोरसुद्धा बोंब ठोकतं. अडचण असते ती दुसऱ्याला लहान तुकडा आला तेव्हा बोंब ठोकायला शिकवण्याची. तिसरी-चौथीत वर्गाचे नियम मुलांनीच बनवावेत आणि शिक्षकांनाही ते लागू असावेत. गुरुजी उशिरा आले तर त्यांनीही कारण सांगायचं. पुढं शाळेबाहेर पडावं. गल्लीतला दिवा बंद आहे, तर अर्ज कुणाकडे करायचा, नगरसेवकाकडे की पालिकेकडे? तारीख, विषय, सही, आणि पोच घ्यायची. पोच हा शब्द मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या निम्म्या शब्दांपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, हा प्रकार चांगला आहे. निवडणूक होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात, शपथविधीही होतो. पण पुढं काय होतं? आरोग्यमंत्री सगळ्यांची नखं तपासतो, शिस्तमंत्री बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. म्हणजे मंत्री म्हणजे लोकांवर नजर ठेवणारा, एवढंच मुलं शिकतात. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास असतो, तसा आठवड्यातून एकदा ठेवा. पाणीमंत्र्याला विचारा, टाकी कधी धुतली? तो मुख्याध्यापकांना विचारील, ते आणखी वर विचारतील. मी शाळेत असताना हा प्रश्न एकदा विचारला होता. उत्तर म्हणून उरलेला तास वर्गाबाहेर उभं राहायला मिळालं. नागरिकशास्त्राचाच तास होता तो. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला तो विषय, वर्षाच्या शेवटी ‘घरी वाचून घ्या’ म्हणून संपायचा.

शेवटी बाईंच्या शिक्षेबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी करतं. दहा वेळा लिहिणं त्यात बसतं का, यावर वकील वाद घालोत. मला खटकतं ते वेगळं आहे. ज्या मुलाला कर्तव्यं शिक्षा म्हणून लिहावी लागली, त्याला ती आयुष्यभर शिक्षाच वाटणार. शिवाय त्या यादीत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणं हेही एक कर्तव्य आहे. ‘बालमजुरीला बंदी आहे’ म्हणून तुमच्या नातवानं शंका काढली, तेव्हा तो तेच पाळत होता. उत्तर न ऐकता बाकावर बसून राहिला, ते मात्र चुकलं.

शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित असेल, तर तिथं शाळा व्यवस्थापन समिती असणार. कायद्याप्रमाणे तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तिच्या बैठकीला सूनबाईंनी जावं, घरात भांडून झाडूचा प्रश्न सुटणार नाही.

तेव्हा आजी, नातवाला उद्या झाडू घ्यायला सांगा. पाळीचा तक्ता वर्गात भिंतीवर लावावा, अशी बाईंना विनंती करा, आणि त्यात मुलगे किती, मुली किती, टेबलाखालचा केर कुणाकडे, हे मोजून या. टाकी शेवटची कधी धुतली, हे नातवाला लेखी विचारू द्या, पोच घेऊन. उत्तर आलं की मला कळवा. नाही आलं तर नक्कीच कळवा.